आई कुठे होती?



या अंकाचे संपादकीय मी लिहावे असे ठरले. विषय काय, असे विचारल्यावर मी म्हटले, "वॉकर, दुधाची बाटली आणि डायपर." बैठकीत हशा पिकला. "हा तर बाळंतविडा झाला, संपादकीय कुठे आहे?" असे एकीने विचारलेही. तिचे म्हणणे मला समजते. मारहाण, पोटगी, रेशन, पाणी हे प्रश्न दारात उभे असताना बाळाच्या सामानावर पाने कशाला खर्च करायची? पण गेल्या वर्षी माझ्या हातून एक चूक झाली. ती सांगितल्याशिवाय हा विषय का घेतला ते कळणार नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

मी मीरा रोडच्या सिल्व्हर पार्क भागात एका समुपदेशन केंद्रात काम करते. स्टेशनवरून शेअर रिक्षाने इथे यायचे. खाली दुकाने आणि वर एक-दोन खोल्यांची घरे, अशा इमारती एकीला एक लागून उभ्या आहेत. मुंबईत जागा परवडत नाही म्हणून इकडे आलेली कुटुंबे बरीच. नवरा सकाळची लोकल पकडून जातो, अनेक घरांत बायकोही जाते. आजी गावाला. जी बाई घरी असते ती 'नुसती घरी' नसते. कुणी फॉल-पिको करते, कुणी डबे देते, कुणी शिकवण्या घेते.

एका दुपारी सव्वीस वर्षांची एक बाई केंद्रात आली. (तिच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) कडेवर नऊ महिन्यांचा मुलगा, त्याच्या कपाळावर पाच टाके. मामाने हौसेने आणलेल्या वॉकरमध्ये तो बसला होता. कुकरची शिट्टी झाली म्हणून ही गॅस बंद करायला वळली. तेवढ्यात वॉकर हॉलमधून सुटला, बाल्कनीच्या दारातल्या लादीच्या पट्टीला पुढचे चाक अडकले आणि तो पालथा झाला. नवरा रात्रपाळी करून आलेला, त्याच खोलीत दिवाणावर झोपला होता. दवाखान्यात पहिला प्रश्न आला, "आई कुठे होती?" सासूने गावाहून फोनवर तेच विचारले. शेजारणीने तेच विचारले. त्या रात्री नवऱ्याने तेच विचारत तिच्यावर हात उगारला, आणि म्हणून ती आमच्याकडे आली होती. बाप कुठे होता, असे कुणीही विचारले नव्हते. तो तर चार हातांवर होता.

मी तिची माहिती फॉर्मवर लिहून घेतली. 'वादाचे कारण' या रकान्यात मी लिहिले, "मुलाकडे आईचे दुर्लक्ष." ती टेबलापलीकडून वाचत होती. म्हणाली, "ताई, तुम्हीपण दुर्लक्ष लिहिलंत? मी गॅस बंद करत होते."

मैत्रिणींनो, मी एमएसडब्ल्यू केले आहे. शिबिरांतून पितृसत्तेवर तासन् तास बोलते. तरीही 'नवऱ्याच्या म्हणण्यानुसार' हे दोन शब्दसुद्धा मला सुचले नाहीत. दवाखान्याच्या कागदावर जे होते तेच माझ्याही कागदावर उतरले. उद्या हे प्रकरण कोर्टात गेले असते आणि मुलाच्या ताब्याचा प्रश्न आला असता, तर माझा तोच कागद तिच्याविरुद्ध वापरला गेला असता. मी ती ओळ खोडली, खाली सही केली आणि तारीख घातली. पण प्रश्न मनातून गेला नाही. दुर्लक्ष आईचे नव्हते, मग दोष कुणाचा?

दुसऱ्या दिवशी तिच्या घरी गेले. वॉकर अजून हॉलमध्येच होता. खाली गोल चौकट, तिला चाके, मध्ये कापडी बैठक. अजून नीट उभेही न राहणारे मूल त्यात अडकवायचे. त्याने पायाच्या बोटांनी नुसते रेटले की चाके पळतात. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने (अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स) सांगून ठेवले आहे, की वॉकरमधले मूल एका सेकंदात तीन फुटांहून अधिक अंतर जाते आणि वॉकरचे बहुतेक अपघात मोठे माणूस बघत असतानाच होतात. पुढची ओळ आपण आपल्या वहीत लिहून ठेवावी. लक्ष होते तरी अपघात झाला, कारण त्या वेगापुढे कुणाचाच हात पोचत नाही. तिची खोली दहा फुटांची होती, म्हणजे मुलाला ती पार करायला तीन-चार सेकंद. गॅसची कळ फिरवायला तेवढाच वेळ लागतो.

हा काही तिच्या एकटीचा किंवा आपल्या देशाचा प्रश्न नाही. अमेरिकेत १९९० ते २०१४ या काळात वॉकरमुळे जखमी झालेली सुमारे २ लाख ३० हजार बाळे तातडीच्या उपचारांसाठी दवाखान्यात न्यावी लागली, आणि त्यांतली बहुतेक जिन्यावरून पडलेली होती. २०१० साली तिथे सक्तीचे नियम आले, वॉकरची रचना सुधारावी लागली, आणि पुढच्या चार वर्षांत जखमींची संख्या आधीच्या चार वर्षांपेक्षा सुमारे २३ टक्क्यांनी घटली. त्या चार वर्षांत अमेरिकेतल्या आया काही अचानक जास्त दक्ष झाल्या नाहीत. बदलली ती वस्तू. कॅनडाने तर २००४ साली वॉकरची विक्री, आयात आणि जाहिरात सरळ बंद केली.

आपल्याकडे याआधी काय होते? लाकडी पांगुळगाडा होता. त्यात मूल बसत नाही. दांडी धरून मागे उभे राहते आणि स्वतःच्या बळावर पुढे ढकलते. त्याला पायांत जेवढी ताकद, तेवढाच गाड्याला वेग. पण जुने ते सगळे सोने, असे मी म्हणणार नाही. पांगुळगाड्याला अंगण लागायचे, आणि अंगणात आजी, काकू, मोठी बहीण अशा फुकट राबणाऱ्या बायका गृहीत धरलेल्या असायच्या. त्यांतली मोठी बहीण त्यापायी शाळेला मुकायची. साडीची झोळी ही कष्टकरी बाईने स्वतःच्या अडचणीतून काढलेली युक्ती. हाताने काम करता करता पायाने दोरी ओढता येते. पण थोडे मोठे मूल झोळीत खेळताना गोल फिरले तर गळ्याला पीळ बसतो. तेव्हा जुने की नवे हा प्रश्नच नाही. वस्तू घडवताना कुणाचे घर, कुणाचा दिवस आणि कुणाचे हात डोळ्यांसमोर ठेवले, हा खरा प्रश्न आहे.

यानंतर आम्ही गटाच्या बैठकीत एक उपक्रम घेतला. तुमच्या गटातही घेऊन पाहा. सोसायटीच्या हॉलमध्ये सतरंजी अंथरली आणि प्रत्येकीने घरातून बाळाची एकेक वस्तू आणून मध्ये ठेवली. बाटली, वॉकर, डायपरचे पाकीट, झोळीचे कापड, बॅटरीवर गाणारी मोटार, प्लॅस्टिकचे भातुकलीचे डबे. प्रॅमची मालकीण मात्र रिकाम्या हाताने आली. तिची प्रॅम माळ्यावर होती, कारण ती लिफ्टमध्ये धड मावत नाही आणि खाली चालवायला मोकळा फुटपाथ नाही. प्रत्येक वस्तूबद्दल आम्ही तीनच प्रश्न विचारले. ही कुणी आणली? हिची साफसफाई आणि राखण कोण करते? काही बिघडले तर बोलणी कुणाला बसतात? पहिल्या प्रश्नाला उत्तरे निरनिराळी आली. नवरा, मामा, आत्या, ऑफिसातले मित्र. पुढच्या दोन्ही प्रश्नांना सगळ्या वस्तूंसाठी एकच उत्तर आले.

वॉकरच्या खोक्यावर बारीक इंग्रजीत छापले होते, 'मोठ्यांच्या देखरेखीखाली वापरावे.' एकीने ते वाचून दाखवले आणि तिची जाऊ पटकन म्हणाली, "मोठ्यांच्या म्हणजे माझ्या." सगळ्या हसल्या, मग गप्प झाल्या. 'देखरेख' हा शब्द छापायला कारखानदाराला काही खर्च येत नाही. पण ती देखरेख प्रत्यक्षात करायला एक अख्खी बाई लागते. तिच्या मजुरीचा हिशेब त्या किमतीत कुठेही धरलेला नसतो. वस्तू स्वस्त पडते, कारण तिच्या रचनेतली उणीव बाई फुकट भरून काढते. आणि एखाद्या दिवशी ती भरली गेली नाही, की त्या उणिवेला 'दुर्लक्ष' हे नाव मिळते.

हा डाव ओळखायची आपली ही पहिली वेळ नाही. दुधाच्या बाटलीची गोष्ट आठवा. पावडरचे दूध पिऊन गरीब देशांतली बाळे हगवणीने आणि कुपोषणाने दगावू लागली, तेव्हा सांगितले जाई, की आया अडाणी आहेत, बाटली उकळत नाहीत, पावडर पातळ कालवतात. चळवळीने प्रश्न उलटा विचारला. ज्या घरात स्वच्छ पाणी नाही, इंधन नाही आणि डबा महिनाभर पुरवायला पैसे नाहीत, त्या घरात ही वस्तू जाहिरात करून पोचवली कुणी? १९७७ साली अमेरिकेत नेस्ले कंपनीवर बहिष्कार सुरू झाला. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने आईच्या दुधाला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थांच्या विक्रीसाठी आचारसंहिता मंजूर केली. ठरावाच्या बाजूने ११८ देश होते आणि विरोधात एकटी अमेरिका. आपल्याकडे १९९२ साली कायदा झाला आणि २००३ साली तो आणखी कडक झाला. आज दोन वर्षांखालच्या बाळांचे डब्यातले अन्न आणि दुधाच्या बाटल्या यांची जाहिरात करता येत नाही, आणि पावडरच्या डब्यावर बाळाचे किंवा आईचे चित्र छापता येत नाही. या कायद्यावर नजर ठेवणाऱ्यांत मुंबईची 'अ‍ॅकॅश' ही संस्था आणि तिचे डॉ. आर. के. आनंद यांचे नाव घ्यावे लागेल. ज्या आईला बाटलीने पाजावे लागते तिला दोषी ठरवायला हा कायदा झालेला नाही. दोष आईच्या डोक्यावरून उचलून विक्रेत्याच्या दारात नेऊन ठेवता येतो, हे त्याने दाखवून दिले.

आता डायपर पाहा. इथे गोष्ट आणखी एका बाईपर्यंत जाते. डायपरने आईचे काम हलके केले हे खरे आहे. रात्री चार वेळा दुपटी बदलणारी आणि पावसाळ्यात ती पंख्याखाली वाळवणारी कुठलीही बाई हे सांगेल. लोकलने कामावर जाणाऱ्या बाईला 'पर्यावरणासाठी लंगोट धुवा' असा उपदेश करायची माझी तयारी नाही. पण वापरलेला डायपर कागदात न गुंडाळता टाकला, की तो कुणी तरी हाताने वेगळा काढते. पुण्यात कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या बायका १९९३ पासून संघटित आहेत आणि 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था घरोघरचा कचरा उचलते. २०१३ साली त्यांनी वापरलेली सॅनिटरी पॅड पाकिटे भरून कंपन्यांना परत पाठवली. ज्याने वस्तू बनवली त्याने तिचे पुढे काय होते तेही पाहावे, एवढेच त्यांचे म्हणणे होते. २०१६ च्या घनकचरा नियमांत पॅड आणि डायपरबरोबर टाकण्यासाठी वेगळी पिशवी द्यायची जबाबदारी उत्पादकांवर टाकली गेली. पण आमच्या सतरंजीवरच्या पाकिटात अशी पिशवी नव्हती. तोवर पुण्यातल्या या मैत्रिणींनी सांगितलेला साधा मार्ग आहे. जुन्या कागदात घट्ट गुंडाळायचे आणि वर लाल ठिपका काढायचा, म्हणजे हाताळणारीला उघडण्याआधी कळते. आमच्या इमारतींतही हे करता येईल. मात्र तो ठिपका काढायचे कामही पुन्हा आईवरच टाकू नका. घरातल्या पुरुषाला पेन धरता येते.

कुणी म्हणेल, मग आईने लक्ष द्यायचेच नाही का? असे कोण म्हणते! लक्ष द्यायचेच, आणि ते बापानेही द्यायचे. पण काही धोके असे असतात, की त्यांच्यापुढे डोळे पुरत नाहीत. चपटी बटणासारखी बॅटरी मुलाने गिळली, तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. दोन तासांत आई कितीदा पाठमोरी होत असेल? म्हणूनच खेळण्यातल्या अशा बॅटरीच्या झाकणाला स्क्रू लावतात. तो एक स्क्रू जे काम करतो, ते दहा बायका पाळीपाळीने जागल्या तरी जमणार नाही. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांचे सुटे भाग सुमारे ३.१७ सेंटिमीटर व्यासाच्या नळीत टाकून बघतात. पूर्ण आत मावला तर तो घशात अडकू शकतो, म्हणून नापास. आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय खूण सक्तीची झाली आहे. आमच्या सतरंजीवरच्या गाणाऱ्या मोटारीवर ती खूण नव्हती आणि झाकण नखाने उघडत होते. रस्त्यावरून पन्नास रुपयांत घेतलेली. ज्या घरात पन्नासच रुपये आहेत, त्या घरातल्या मुलालाही स्क्रू मिळाला पाहिजे.

मुलाचा आणि बाईचा खरा दिवस बघून वस्तू आणि व्यवस्था घडवता येते, याचे उदाहरण आपल्या याच किनाऱ्यावर, थोडे उत्तरेला आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केले. पुढे १९५७ पासून त्या आणि अनुताई वाघ कोसबाडला आदिवासी मुलांमध्ये राहिल्या. मुले बालवाडीत येत नाहीत म्हणून आयांना बोल न लावता त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. महागडी साधने बाजूला ठेवून शंख-शिंपले, खडे, पाने, बिया हाती घेतल्या. धाकट्याला सांभाळते म्हणून मुलगी शाळेत येत नाही हे पाहून शाळेला पाळणाघर जोडले. आज देशभर ज्या अंगणवाड्या आहेत, त्यांचे नाव आणि कल्पना तिथली आहे.

म्हणूनच मला वाटते, की घरातल्या बाळासाठी सर्वांत मोठी सुरक्षेची वस्तू कुठली असेल तर ती पाळणाघर. २०१७ साली पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना पाळणाघर सक्तीचे झाले. पण आमच्या भागातली फॉल-पिकोवाली, धुणी-भांड्याला जाणारी, चार जणांच्या दुकानात उभी राहणारी बाई त्या पन्नासांत कधी येणार? वस्तीत, परवडेल अशा दरात, महापालिकेने चालवलेले पाळणाघर ही मागणी आपण पुन्हा एकदा जोरात मांडली पाहिजे.

आणि आपल्या हातातल्या काही गोष्टी आजपासून करता येतील. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात वस्तूमुळे झालेल्या इजेची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. सदोष बनावट, सदोष रचना आणि अपुरी सूचना ही तीनही कारणे त्यात आहेत. म्हणजे कायद्याच्या पुस्तकात 'रचनेतला दोष' असा रकाना आहे, तो आपल्या फॉर्मवरच नाही. अशा प्रकरणात वस्तू फेकू नका, खोके आणि पावती जपून ठेवा, फोटो काढा. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. दुकानात खेळणे घेताना आयएसआय खूण मागा. वॉकर, पाळणा, उंच खुर्ची यांनाही अशीच कडक तपासणी आणि मराठीत मोठ्या अक्षरांतली सूचना हवी, अशी पत्रे आपण गटागटाने पाठवू या.

आमच्या केंद्रातला फॉर्म आम्ही बदलला आहे. मूल जखमी झाल्याची नोंद असेल तिथे आता चार प्रश्न आहेत. वस्तू कोणती होती? जागा कशी होती? घरात आणखी कोण होते? त्या क्षणी आई कोणते काम करत होती? 'दुर्लक्ष' हा शब्द लिहायचाच असेल, तर तो कुणी उच्चारला त्याचे नाव पुढे लिहायचे. तुमच्या केंद्रात, दवाखान्यात, पोलीस चौकीतल्या मदत कक्षात असे फॉर्म असतील तर ते काढून एकदा वाचा.

ती बाई अजून येते. नवऱ्याबरोबर आमच्या चार बैठका झाल्या, पुढचे काम चालू आहे. वॉकर तिने स्वतःच मोडीत काढला, भंगारवाल्याने वीस रुपये दिले. मुलगा दिवाणाला धरून उभा राहायला शिकला आणि चालूही लागला. गेल्या बैठकीत तो माझ्या फायली ओढत होता. नवरा उठला आणि त्याने त्याला उचलून घेतले. ती जागची हलली नाही. मी हे फॉर्मवर लिहून ठेवले आहे.

तुमच्या गटात सतरंजीवर काय काय आले, आणि त्या तीन प्रश्नांची उत्तरे काय मिळाली, ते जरूर कळवा. पुढच्या अंकात तुमच्या पत्रांसाठी पाने राखून ठेवली आहेत.